पाण्याचा नकाशा

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. धाराशिवहून सरळ पश्चिमेला निघालात, तर तीनशे किलोमीटरहून जास्त वाट तुडवाल, तेव्हा कुठे कोकणचा किनारा लागेल. मग समुद्राच्या पाण्याचा धडा आपण का वाचावा? असे कोणीही विचारील, आणि विचारावेच.

पहिली गोष्ट अशी, की आपले पाणी समुद्रालाच जाते. तेरणा मांजरेला मिळते. मांजरा गोदावरीला मिळते. परंड्याकडची सीना भीमेला मिळते, नळदुर्गची बोरीही भीमेला मिळते, आणि भीमा कृष्णेला. बालाघाटाच्या डोंगरावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले, तर त्यांतला एक गोदावरीकडे जाईल आणि दुसरा कृष्णेकडे. पण शेवटी दोघेही आंध्रच्या किनाऱ्यावर, पूर्वेच्या समुद्रात पोहोचतात. गंमत पाहा. आपले पाणी पूर्वेला जाते आणि आपली माणसे पोट भरायला पश्चिमेला, मुंबई-पुण्याला जातात. आपल्या तेरचा माल सुद्धा दोन हजार वर्षांपूर्वी बैलगाड्यांतून पश्चिमेच्या भडोच बंदरात जात होता. तेरचे जुने नाव तगर. हे नाव त्या काळच्या एका ग्रीक भाषेतल्या पुस्तकात लिहिलेले आहे. तेव्हा समुद्र अगदीच परका नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. समुद्राचे पाणी तपासण्याची एक रीत आहे. तीच रीत आपल्या आडाला, विहिरीला आणि हापशाला लागू पडते. त्या रीतीत नकाशा लागतो. ही रीत ठाऊक नसल्यामुळे मी एकदा मोठी चूक केली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

बाटलीवरची चिठ्ठी

मी तेव्हा एका लहान गावात मुख्याध्यापक होतो. पहिला मोठा पाऊस झाला आणि आठ दिवसांत गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शाळेतली बाके रिकामी पडू लागली. गावात पिण्याच्या पाण्याच्या जागा दोन. वेशीजवळ बांधलेली मोठी विहीर, आणि खालच्या आळीत जुना आड. पाणी तपासायला पाठवायचे ठरले. तपासणीची निर्जंतुक बाटली आली. ग्रामसेवक रजेवर होते, म्हणून चिठ्ठी मी लिहिली. अक्षर माझे चांगले. गावाचे नाव लिहिले, तालुका लिहिला, तारीख लिहिली. एका मोठ्या पोराला पाणी भरून आणायला सांगितले. त्याने आणले. मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि बाटली एस.टी.ने तालुक्याला गेली.

दोन दिवसांनी कागद आला. "पाणी पिण्यास अयोग्य."

कागद वाचून झाला तसे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "गुर्जी, पर कुठल्या हिरीचं पाणी ह्ये? आडाचं का वेशीतलं?"

मी कागद उलटा करून पाहिला. माझ्याच चिठ्ठीची नक्कल त्यावर होती. गाव होते, जागा नव्हती.

सगळ्यांनी मिळून ठरवले, की आडाचेच पाणी असणार. आडाचे पाणी गढूळ दिसत होते. विहिरीचे पाणी काचेसारखे नितळ. आडावर फळ्या टाकल्या आणि सारा गाव विहिरीवर पाणी भरू लागला. दुखणे कमी व्हायचे सोडून वाढले. खालच्या आळीतली लेकरे आजवर बरी होती, तीही आजारी पडली. एका मुलीला रात्री ट्रॅक्टरमधून दवाखान्यात न्यावे लागले. ती वाचली. पण ती रात्र मी विसरलो नाही.

पाचव्या दिवशी ज्या पोराने बाटली भरली होती, तो मामाच्या गावाहून परत आला. त्याला विचारले. तो म्हणाला, "विहिरीचं पाणी हाय गुर्जी. तिथं पोहरा बांधलेला होता, आडावर नव्हता."

म्हणजे वाईट पाणी नितळ विहिरीचे होते. वरच्या अंगाला एक गोठा होता. त्याचा शेणा-मुताचा खड्डा पावसाने भरला होता आणि ते पाणी कडेच्या फुटक्या दगडांतून आत झिरपत होते. पाण्यात मिसळलेले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. आम्ही डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि गावाला चांगल्या पाण्यावरून उठवून वाईट पाण्यावर नेऊन बसवले.

चूक माझीच होती. चिठ्ठीवर "वेशीजवळची विहीर" एवढे शब्द लिहायला कितीसा वेळ लागला असता?

लंडन शहरातला हापसा

याच्या उलट, जागा नीट लिहिल्यामुळे काय झाले, त्याची एक खरी गोष्ट आहे. ती लंडनची आहे. सन १८५४. ऑगस्ट महिना संपता संपता लंडनच्या सोहो नावाच्या वस्तीत पटकी पसरली. पटकी म्हणजे कॉलरा. दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसे मेली. त्या काळी मोठमोठे डॉक्टर म्हणत, की पटकी घाणेरड्या हवेतून येते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला ते पटत नव्हते. त्याला पाण्याचा संशय होता.

त्याने मेलेल्यांची यादी घेतली आणि घरोघर चौकशी केली. कोणत्या घरात किती माणसे गेली, हे त्याने पुढे वस्तीच्या नकाशावर त्या त्या घरापाशी काळ्या रेघा मारून दाखवले. रेघा एका हापशाभोवती दाटल्या होत्या. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरचा तो हापसा. पण नुसते दाट दिसले म्हणून तो थांबला नाही. जिथे रेघा नव्हत्या, तिथेही त्याने चौकशी केली. जवळच गरिबांना ठेवण्याचे एक मोठे घर होते. तिथे पाचशेच्या वर माणसे होती, पण मेली फार थोडी. का? तर त्या घराची विहीर वेगळी होती. उलट, कित्येक मैल लांब राहणारी एक विधवा बाई पटकीने गेली. चौकशी केली तेव्हा कळले, की तिला याच हापशाचे पाणी गोड लागे, म्हणून ती ते गाडीतून मागवून घेत असे.

८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या हापशाचा दांडा काढून टाकला. साथ तोवर उतरणीला लागली होती, हेही खरे आहे आणि स्नोने स्वतःच तसे लिहून ठेवले आहे. पण त्याच्या नकाशाने कारण दाखवले. पुढे कळले, की हापशाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर एका घराचा मैल्याचा खड्डा होता आणि त्याचे पाणी विहिरीत झिरपत होते. पटकीच्या जंतूची ओळख रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्तमध्ये आणि आपल्या कलकत्त्याला पटवली. म्हणजे जंतू ओळखू येण्याच्या तीस वर्षे आधी नकाशाने हापसा ओळखला होता!

आता समुद्राकडे

मुंबईला कामाला गेलेला गडी परत येतो आणि सांगतो, "मुंबईचा समुद्र लई घाण." दुसरा म्हणतो, "छे, मी पाहिला, चांगला निळा होता." दोघेही खरे बोलतात. एकाने माहीमच्या खाडीपाशी पाहिला असेल, दुसऱ्याने लांब होडीतून. समुद्र म्हणजे काही एक घागर नाही, की वरून एक ओंजळ घेतली आणि सगळ्याची चव कळली. म्हणून "समुद्राचे पाणी कसे आहे?" हा प्रश्नच अपुरा आहे. कुठले पाणी, किती खोलीवरचे, कोणत्या दिवशीचे, कोणत्या वेळेचे, असे विचारावे लागते.

मुंबईच्या समुद्रात घाण येते कुठून? शहराचे सांडपाणी येते. मिठी नदी पवई आणि विहार तलावांकडून निघते, दाट वस्तीतून वाहते आणि माहीमच्या खाडीत मिळते. वाटेत लोकवस्तीची आणि कारखान्यांची घाण तिच्यात येते. खाडी म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा हात. भरतीला खारे पाणी तिच्यात आत येते, ओहोटीला बाहेर जाते. शिवाय वरळी आणि वांद्रे येथून मोठे नळ समुद्राच्या तळाखालून तीन किलोमीटरहून अधिक आत नेले आहेत. सांडपाणी तिथे सोडतात. हेतू असा, की लांबच्या खोल पाण्यात घाण पातळ व्हावी. ती किती पातळ होते आणि किती परत किनाऱ्याला येते, हे तपासल्याशिवाय कसे कळणार?

तपासणी करणारी खाती आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. ते गेट वे ऑफ इंडिया, हाजी अली, दादर, जुहू, वर्सोवा अशा ठरलेल्या जागांचे पाणी तपासते. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ साली सुरू झाली. तिचे लोक बोटीने आत जाऊन पाणी घेतात.

बोटीवरचे काम कसे चालते ते पाहू. आपल्या रानात बांध असतो, आंब्याचे झाड असते, देऊळ असते. समुद्रात खूण काय? चहूकडे पाणी. जुने कोळी किनाऱ्यावरचा डोंगर आणि दीपगृह पाहून जागा ओळखीत. आता उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्र असते. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही तेच आहे. ते दोन आकडे सांगते, अक्षांश आणि रेखांश. अक्षांश म्हणजे तुम्ही दक्षिण-उत्तर कुठे आहात, रेखांश म्हणजे पूर्व-पश्चिम कुठे आहात. धाराशिव शहराचे अक्षांश सुमारे १८ अंश ११ मिनिटे आणि रेखांश सुमारे ७६ अंश २ मिनिटे आहे. सगळ्या पृथ्वीवर या दोन आकड्यांची जागा एकच. सातबाऱ्यावर गट नंबर असतो ना, तसेच हे समजा.

बाटली भरली की आधी जागेचे आकडे लिहायचे. मग तारीख, वेळ, खोली, आणि भरती होती की ओहोटी, तेही लिहायचे. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरतीचे आणि ओहोटीचे पाणी यांत साडेचार-पाच मीटरचाही फरक पडतो. म्हणजे दीड मजली घराएवढे पाणी चढते आणि उतरते. ओहोटीला खाडीतली घाण बाहेर येते, भरतीला समुद्राचे पाणी तिला मागे रेटते. एकच जागा, एकच दिवस, पण सहा तासांच्या अंतराने पाणी निराळे. एकाने सगळ्या बाटल्या भरतीला भरल्या आणि दुसऱ्याने ओहोटीला, तर दोघांचे कागद जुळणार नाहीत, आणि भांडण मात्र होईल.

बाटलीत काय तपासतात? पुष्कळ गोष्टी. मी तीनच सांगतो.

एक म्हणजे खारटपणा. भर समुद्रातल्या एका किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. किनाऱ्याजवळ खारटपणा कमी भरला, तर समजावे की इथे जमिनीवरचे पाणी मिसळले आहे. ते पावसाचे असेल, नदीचे असेल, नाहीतर गटाराचे असेल.

दुसरी म्हणजे विष्ठेतले जंतू. समुद्रात आंघोळ करायची, तर १०० मिलिलिटर पाण्यात असे जंतू १०० पर्यंतच असावेत, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाण आहे. १०० मिलिलिटर म्हणजे लहान पेलाभर पाणी. पिण्याच्या पाण्याला मात्र ही सवलत नाही. पेलाभर पिण्याच्या पाण्यात विष्ठेतला एकही जंतू सापडता कामा नये.

तिसरी म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू. मासे पाण्यातलाच प्राणवायू घेतात. सांडपाणी कुजताना तो प्राणवायू खाऊन टाकते. आंघोळीच्या समुद्रासाठी एका लिटरला निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे प्रमाण आहे. चाराच्या खाली आकडा गेला, की पाणी बिघडले म्हणायचे. अगदीच खाली गेला, तर मासे तिथून निघून जातात किंवा मरतात. मग कोळ्याचे जाळे रिकामे येते. पाऊस गेल्यावर आपली जशी दशा होते, तशीच त्याची होते.

मधल्या जागेचा अंदाज

आता खरे गणित येते. समुद्र मोठा, बाटल्या थोड्या. दर फुटावर बाटली भरता येत नाही. मग मधल्या पाण्याचे काय?

समजा, खाडीच्या तोंडाशी प्राणवायू २ भरला. तिथून सरळ समुद्रात ४ किलोमीटरवर तो ६ भरला. हे आकडे फक्त गणितासाठी घेतले आहेत. चार किलोमीटरमध्ये आकडा चाराने वाढला, म्हणजे दर किलोमीटरला एकाने वाढला. मग १ किलोमीटरवर अंदाजे ३, दोनवर ४ आणि तीनवर ५. पाटीवर लिहून पाहा. ज्याला बेरीज येते, त्याला हे येते. जवळच्या बाटलीचे जास्त ऐकायचे आणि लांबच्या बाटलीचे कमी ऐकायचे, एवढीच यातली खुबी.

असे पाच-पन्नास बाटल्यांमध्ये केले, की जिथे जिथे आकडा ४ येतो, त्या जागा एका रेघेने जोडतात. त्या रेघेच्या अलीकडे वाईट पाणी आणि पलीकडे बरे पाणी. अलीकडे लाल रंग भरला, पलीकडे हिरवा भरला, की झाला पाण्याचा नकाशा. पुढच्या वर्षी पुन्हा नकाशा काढायचा. चाराची रेघ किनाऱ्याकडे सरकली, तर सुधारणा होते आहे. समुद्राकडे सरकली, तर घाण वाढते आहे. कागदावरच्या आकड्यांच्या लांबलचक रांगा पाहून हे चटकन कळत नाही. रेघ पाहिली, की नुकते वाचायला शिकलेल्यालाही कळते. आता हे गणित संगणक करतो.

पण संगणक सांगाल तेवढेच ऐकतो. मुंबईच्या पश्चिमेला दादरची चौपाटी आहे आणि पूर्वेला शिवडीचा किनारा आहे. नकाशावर पट्टी ठेवली, तर दोघांत अंतर थोडेच. पण मध्ये सगळी जमीन आणि वस्ती! पाण्याने जायचे, तर कुलाब्याला वळसा घालून वीस किलोमीटरहून अधिक जावे लागेल. संगणकाला मधली जमीन सांगितली नाही, तर तो दादरचे आणि शिवडीचे पाणी शेजारचे समजून मिसळून टाकतो. नकाशा सुबक निघतो आणि साफ खोटा असतो. डॉक्टर स्नोला हे कळले होते. त्याने हापशाचे अंतर पट्टीने मोजले नाही. माणूस ज्या रस्त्याने चालत पाण्याला जातो, त्या रस्त्याने मोजले.

आणखी एक. रंग सगळीकडे सारखाच भरलेला दिसतो. पण बाटली भरली त्या जागेचा रंग पक्का असतो आणि मधला रंग अंदाजाचा असतो. म्हणून चांगला नकाशा बाटलीच्या जागांवर ठिपके दाखवतो. ठिपके नसलेला रंगीत नकाशा कोणी तुमच्यापुढे धरला, तर "बाटल्या कुठे भरल्या?" असे बेलाशक विचारा. मी मास्तर असून सांगतो, नकाशाला विचारायची लाज धरू नका.

तुम्ही म्हणाल, आता उपग्रह आहेत, मग बाटल्या कशाला? आपल्या देशाने समुद्राचा रंग पाहणारा ओशनसॅट उपग्रह १९९९ साली सोडला. त्याच मालिकेतला तिसरा २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेला. पाण्यात बारीक हिरवे शेवाळ वाढले, गाळ आला, तर समुद्राचा रंग बदलतो आणि उपग्रहाला तो एका नजरेत शेकडो किलोमीटर दिसतो. हैदराबादची एक सरकारी संस्था अशा माहितीवरून मासे कुठे मिळतील ते मच्छीमारांना कळवते. पण उपग्रहाला जंतू दिसत नाहीत. पाण्यातला प्राणवायू दिसत नाही. पावसाळ्यात ढग आडवे येतात. ज्या ओढ्यात नळाने घाण सोडली, तो ओढा त्याच्या नजरेत मावण्याइतका मोठाही नसतो. तेव्हा वरून पाहायचे आणि खाली बाटलीही भरायची.

आपल्या गावाचा नकाशा

आता घरी येऊ. शाळेचे मैदान झाडून घ्या. उत्तर दिशा ठरवा. रांगोळीने किंवा चुन्याने आधी मोठा रस्ता काढा, मग ओढा काढा, मग देऊळ, मशीद, शाळा, चावडी. अंतर पावलांनी मोजा. गावातली वीस पावले म्हणजे मैदानावर एक पाऊल, असे काही प्रमाण ठरवा आणि ते शेवटपर्यंत मोडू नका.

मग पाण्याच्या जागा मांडा. विहिरीला गोल दगड, हापशाला काटकी, नळाच्या टाकीला वीट. या कामाला बायांना पुढे करा. कोण कुठले पाणी भरते, उन्हाळ्यात कुठला हापसा आटतो, नळाला गढूळ पाणी कोणत्या आळीत आधी येते, हे पुरुषांना अर्धेमुर्धेच ठाऊक असते. आमच्या गावात एक आजी नकाशाभोवती फिरून म्हणाल्या, "हितं वळ न्हाई काढलीस बाबा. पावसात गोठ्यावरनं पाणी हितनंच तर जातंय." ती वळ आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही नव्हती. चुकीच्या बाटलीनंतर सहा महिन्यांनी आम्ही तो नकाशा काढला होता.

त्यानंतर घाणीच्या जागा मांडा. उकिरडा, गोठा, संडासाचा खड्डा, तुंबलेले गटार, फुटका नळ. उताराच्या दिशेने बाण काढा. संडासाचा खड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. पण आपल्याकडे काळा खडक आहे. खडकाला भेगा असतात आणि भेगेतून पाणी कुठून कुठे जाईल, याचा भरवसा नसतो. एका विहिरीचे पाणी गोड आणि चाळीस पावलांवरच्या बोअरचे मचूळ, असे तुम्ही पाहिलेच असेल. म्हणून समुद्रासारखा मधल्या जागेचा अंदाज इथे करू नका. दोन चांगल्या विहिरींच्या मध्ये हिरवा रंग फासू नका. ज्या जागेचे पाणी तपासले, तिथेच रंग लावा. जी जागा तपासली नाही, ती कोरी ठेवा.

पाणी तपासायला कुठे जायचे? ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि आरोग्य सेवक यांना विचारा. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. त्यात गावातल्या पाच बायांना तपासणीची पेटी वापरायला शिकवण्याची योजना आहे. तुमच्या गावच्या त्या पाच जणी कोण, ते पंचायतीत विचारून घ्या. टीसीएल पावडर टाकलेल्या पाण्याची ओटी चाचणी तर दोन मिनिटांची आहे. पाणी पिवळे झाले, तर पावडरीचा अंश पाण्यात शिल्लक आहे. रंग आला नाही, तर पावडर पुरली नाही. ही चाचणी टाकीपाशी करतात, तशी शेवटच्या घरच्या नळालाही करा. टाकीपाशी पिवळे आणि शेवटच्या घरी बिनरंगी आले, तर वाटेत कुठे नळ फुटला आहे का, तेही मैदानावरचा नकाशा पाहून शोधता येते. आपल्या राज्यात पाण्याच्या पाहणीवरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतात. पण कार्ड सगळ्या गावाला एकच असते. कोणता हापसा लाल, ते तुमच्या नकाशावरच दिसेल.

मैदानावरचा नकाशा झाला, की तो कागदावर उतरवून घ्या. खाली तारीख घाला. पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा तपासा आणि पुन्हा नकाशा काढा. जुना कागद फाडू नका.

पाटीवर सोडवा

खाडीच्या तोंडाशी प्राणवायू १ आहे. सरळ समुद्रात ६ किलोमीटरवर तो ७ आहे. चाराची रेघ किती किलोमीटरवर येईल?

खालची चिठ्ठी वहीत उतरवून घ्या आणि तुमच्या घरी जिथून पाणी येते त्या जागेसाठी भरा:

गाव …
पाण्याची जागा (कोणता आड, विहीर, हापसा, नळ, कोणत्या आळीत, कशाजवळ) …
तारीख आणि वेळ …
आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला का …
पाणी कोणी भरले …